आधी चारा, मग इंजेक्शन

आम्ही कापडवाले; पण माल पडून राहिला की काय होते, ते जाणतो. अमेरिकेत मांसासाठी गाई पाळणाऱ्यांचे भांडवल भाकड गाईत अडकते. गर्भकाळ सुमारे २८३ दिवसांचा; दरसाल वासरू हवे तर विल्यावर ८२ दिवसांत गाय पुन्हा गाभण राहायला हवी.

तिथे गाईच्या अंगावरील चरबी पाहून १ ते ९ गुण देतात. विताना ५ हवेत, पहिलारूला ६. बरगड्या दिसणारी गाय लवकर माजावर येत नाही. मग प्रोजेस्टेरॉन संप्रेरक झिरपवणारे साधन ७ दिवस योनीत ठेवतात. काढताना प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देतात, आणि ६० ते ६६ तासांनी कृत्रिम रेतन करतात. काही गाईंचा थांबलेला माज याने सुरू होतो. हाडकुळ्या गाईवर मात्र हा खर्च बहुधा वायाच! चारा वाढवायचा तो विण्याच्या तीन महिने आधी. वासरू पिऊ लागल्यावर वजन चढवणे महाग पडते.