आठव्या तारेचा कान

ज्या घरात कॉलेजात जाणारा मुलगा आहे आणि त्याला गिटारचा नाद आहे, त्या घरात हल्ली एक नवाच हट्ट ऐकू येतो. सहा तारा त्याला पुरत नाहीत. सात, नव्हे आठ हव्यात! ती गिटार कशीबशी घरात आली, की सहा महिन्यांत दुसरे मागणे पुढे येते : हिचे पिकअप बदलायचे. आई म्हणते, ‘अरे, अजून कोरी आहे की!’ वडील किंमत विचारून गप्प बसतात. माझ्या भाच्याने मला अशाच तंट्यात पंच नेमल्यामुळे हा विषय मुळापासून पाहावा लागला. मुलाचे म्हणणे अगदीच पोरकट नसते, हे आधीच सांगून टाकतो.

पिकअप हा विजेच्या गिटारीचा कान. लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढेच त्याचे स्वरूप. वरची पोलादी तार थरथरली, की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज उपजते. फॅरडेने १८३१ साली दाखवले तेच हे. पण हा कान मोठा भोळा! घरातल्या विजेची गुणगुणही तो ऐकतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडून ती गुणगुण मारली. या जोडपिकअपला ‘हमबकर’ म्हणतात.

आता गंमत पाहा. सहा तारांच्या गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. सातवी ६२ वेळा आणि आठवी अवघी ४६ वेळा. आपल्या घरातल्या विजेची आवर्तने ५०! म्हणजे आठवी तार त्या गुणगुणीच्या भिंतीला भिंत लावूनच राहते. तेथे एकेरी वेटोळ्याचा मोह मी तरी धरणार नाही.

सात तारांचा मोठा बोलबाला झाला तो १९९० साली, आयबानेझने स्टीव्ह वायसाठी गिटार काढली तेव्हा; आठ तारांची त्यांची गिटार २००७ मध्ये बाजारात आली. सहा तारांसाठी बेतलेला कान या खर्जाला मात्र गोंधळतो. खर्जाचा स्वर आपण ओळखतो तो बराचसा त्याच्या उपस्वरांवरून. तानपुऱ्याला जवारी लावणारा कारागीर हे जाणतो. उपस्वर दबले आणि वरून ॲम्प्लिफायरने आवाज फाडला, की चिखल झालाच.

म्हणून जोरकस पिकअप म्हणजे चांगला पिकअप, ही समजूत सोडावी. वेढे वाढवले की जोर वाढतो, पण वरचे स्वर बोथट होतात. दुकानदार ‘इतके किलो-ओहम’ म्हणून भुरळ घालतो. तार अधिक बारीक घेतली तरी तो आकडा फुगतो! सिरॅमिक चुंबकाचे पिकअप बहुधा करकरीत, घट्ट बोलतात. अल्निकोचे थोडे मऊ. गर्जनेसाठी पहिला आणि स्वच्छ वादनासाठी दुसरा, असा माझा कौल आहे, अपवाद पुष्कळ.

तिसरा प्रकार ‘ॲक्टिव्ह’. त्याच्या पोटातच छोटा ॲम्प्लिफायर असतो. तो शांत नि नेटका. मात्र त्याला बहुधा ९ व्होल्टची बॅटरी लागते. असा पिकअप काढून साधा बसवायचा, तर आवाजाची बटणेही बदलावी लागतात : ॲक्टिव्हला साधारण २५ किलो-ओहमची, साध्या हमबकरला ५०० ची. हा खर्च यादीत कुणी धरत नाही.

मापाचे प्रकरण त्याहून नाजूक. आठ तारांच्या पुष्कळ गिटारींत साबणाच्या वडीसारखी बंद डबी बसते; उघडा पिकअप त्या खाचेत राहीलच असे नाही. लाकूड कोरायची पाळी येण्याआधी फूटपट्टी घ्यावी. पडद्या तिरप्या असतील, तर पिकअपही तिरपा लागतो का, तेही विचारावे.

आणि पाकीट उघडण्यापूर्वी एक स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. जाड तारेकडची पिकअपची बाजू थोडी खाली उतरवावी, पुन्हा वाजवावे, पुन्हा उतरवावे. फार जवळ आलेला चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर डळमळतो. तारही पुरेशी जाड आहे ना, ते पाहावे. ढिली तार कोणताच कान सुधारू शकत नाही. यात अर्धा तास जातो आणि तारेचा संच सोडला तर खर्च काही नाही. एवढे करूनही चिखल राहिला, तर आधी पुलाजवळचा पिकअप तेवढा बदलावा. गर्जना तिथूनच निघते. मानेजवळचा पुढच्या दिवाळीला पाहता येईल.