काखेत कळसा : घरच्या संगणकातील बिनपैशाची साधने

मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून अनेक शेतकरी कुटुंबांनी घरात संगणक आणला. मुले पुढे शहरात शिकायला गेली आणि संगणकावर कापड पडले. इकडे घरधनी मात्र खताचा हिशेब तोंडी करतो, गाय कधी विणार हे बोटांवर मोजतो आणि बँकेची तारीख विसरतो. यालाच काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकात पुढील साधने आधीच असतात. त्यांना वेगळा पैसा लागत नाही, आणि बहुतेकांना इंटरनेटही लागत नाही.

तारखांचा हिशेब

कॅल्क्युलेटर उघडावा. डाव्या कोपऱ्यात वर तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाबल्या की ‘डेट कॅल्क्युलेशन’ दिसते. त्यात तारखेत दिवस मिळवता येतात आणि वजाही करता येतात.

समजा, १० जून २०२५ रोजी गाय भरवली. गाभणकाळ सरासरी २८० दिवस धरला तर विण्याची तारीख १७ मार्च २०२६ येते. त्यातून ६० दिवस वजा केले की १६ जानेवारी. त्या सुमारास गाय आटवावी, म्हणजे पुढच्या वेताला कासेला विश्रांती मिळते. म्हशीसाठी ३१० दिवस धरावेत. भरवल्यापासून २१ व्या दिवसाची तारीखही काढून ठेवावी. त्याच्या आगेमागे जनावर पुन्हा माजावर येते का, याकडे घरातील सर्वांनी लक्ष द्यावे. एक माज नजरेतून सुटला की तीन आठवडे फुकट जातात.

पीककर्जाचेही असेच आहे. केंद्र शासनाच्या व्याज सवलत योजनेत मुदतीत फेड करणाऱ्यास व्याजात ३ टक्के सूट मिळत आली आहे. एक लाखाच्या कर्जावर वर्षाचे ३ हजार रुपये झाले. मुदत उलटली की ही सूट हातची जाते. म्हणून मुदतीची नेमकी तारीख बँकेत विचारून घ्यावी, तीतून ३० दिवस वजा करावेत, आणि आलेली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहावी.

हेक्टरचे एकर

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शिफारशीही बहुधा हेक्टरी असतात, आणि आपण बोलतो एकर-गुंठ्यात. येथेच घोटाळा होतो. कॅल्क्युलेटरच्या त्याच यादीत ‘एरिया’ निवडून वर हेक्टर व खाली एकर घ्यावे. १.२० हेक्टर म्हणजे २.९७ एकर, अर्थात जवळजवळ २ एकर ३९ गुंठे. सोयाबीनचे ७५ किलो बियाणे हेक्टरी आहे. ते एकराला साधारण ३० किलोच होते. हेक्टरचा आकडा एकराला वापरला तर अडीचपट बियाणे मातीत जाते आणि पीक दाटून बसते.

कधी न फाटणारी नोंदवही

नोटपॅड उघडून पहिल्या ओळीत टिंब द्यावे व त्याला जोडून मोठ्या इंग्रजी अक्षरांत एल, ओ, जी लिहावे. फाईलला ‘फवारणी’ असे नाव देऊन ती जतन करावी. पुढे ही फाईल उघडाल तेव्हा त्या दिवसाची तारीख व वेळ आपोआप उमटेल. तिच्याखाली औषध, प्रमाण व शेताचा गट नंबर लिहावा. औषधाच्या लेबलवर फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे ते छापलेले असते, तेही टिपावे. निर्यातीच्या द्राक्षाला अशी नोंद मागतातच, आणि घरी खायच्या भाजीलाही ती तितकीच महत्त्वाची आहे. दुधाच्या खात्यासाठी अशीच दुसरी फाईल करावी.

मराठीत लिहिण्यासाठी सेटिंग्जमधील भाषेच्या भागात मराठी जोडावी. नंतर विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरून स्पेस दाबली की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

पावतीची प्रत आणि मोठी अक्षरे

ऑनलाईन अर्ज भरल्यावर आलेला क्रमांक कागदाच्या चिटोऱ्यावर लिहू नये. विंडोज, शिफ्ट आणि एस या कळा एकत्र दाबाव्यात, पडद्यावरचा हवा तेवढा भाग आखावा आणि ते चित्र जतन करावे. पूर्ण पान हवे असल्यास प्रिंट म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडावे. कागद न वापरता प्रत तयार होते.

आजोबांना बारीक अक्षर दिसत नसेल तर विंडोजची कळ व अधिकचे चिन्ह दाबावे, पडदा मोठा होतो. विंडोज व एस्केप दाबले की पूर्ववत होतो.

दोन गोष्टी सांभाळा

वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून लिहिता लिहिता कंट्रोल व एस दाबत राहावे, आणि महिन्यातून एकदा सर्व फाईली पेनड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेवावा. दुसरे, बँकेचा पासवर्ड किंवा पिन नोटपॅडमध्ये कधीही लिहू नये.

सगळे एका दिवसात शिकण्याची गरज नाही. या आठवड्यात फक्त दोन तारखा काढा, एक गोठ्यातील आणि एक बँकेची. घरातील शाळकरी मुलीला शेजारी बसवा. तिला कळा ठाऊक आहेत आणि तुम्हाला शेती. दोघांचे मिळून काम लवकर होईल.