पट्टी जरा सरकली की

शाळा मुलांना जगायला तयार करते का, हा प्रश्न आपल्याकडे दर दहा-बारा वर्षांनी नवा म्हणून विचारला जातो. त्यावर समिती बसते, अहवाल येतो आणि अहवालातले शब्द डी.एड.च्या प्रश्नपत्रिकेत जाऊन पडतात. त्या शब्दांकडे नंतर वळू; आधी एक साधी मोजपट्टी घेऊ. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीने २०१७ साली आणि पुन्हा २०२३ साली देशभरच्या निवडक जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना रोजच्या व्यवहारातली काही कामं करायला दिली. वस्तूचं टोक पट्टीच्या शून्यावर असेल तर तिची लांबी ८५ टक्क्यांच्या आसपास मुलांनी बरोबर सांगितली. वस्तू पट्टीवर थोडी पुढे सरकवली तेव्हा बरोबर सांगणारे ४० टक्क्यांच्या आसपास उरले. दोन्ही पाहण्यांत आकडे जवळपास तेच आले. मधल्या सहा वर्षांत या बाबतीत काही हललं नाही. आता, यातल्या बहुतेकांनी वजाबाकी दुसरी-तिसरीतच केलेली असणार. पण इथे वजाबाकी करायची आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. उलट ज्याने शाळा चौथीत सोडली असा सुतार टेपचं टोक झिजलेलं असेल तर एक इंच सोडून टेप धरतो आणि शेवटी एक वजा करतो. त्याला या क्रियेचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही. एकदा तो एक वजा करायला विसरला होता आणि दाराची फळी वाया गेली होती, एवढंच त्याच्या शिक्षणाचं भांडवल.

या आकड्यांवर लगेच एक उत्तर येतं: पाया कच्चा आहे, आधी वाचन-गणित पक्कं करा, बाकी सगळं आपोआप येईल. हे उत्तर देणाऱ्यांच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण त्यांनी पट्टीचा आकडा नीट वाचलेला नाही. पट्टी तीच, मुलं तीच, आकडे वाचण्याची क्षमताही तीच; तरी निम्म्याहून अधिक मुलं गळतात. गळण्याचं कारण पाया असता तर ती शून्यावरच गळली असती. त्यांच्यापाशी जे नाही ते म्हणजे आपण शिकलेलं कुठे लागू पडतं हे ओळखण्याची सवय, आणि ही सवय अजून चार उदाहरणं सोडवून लागत नाही, कारण पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण ‘वजाबाकी’ या मथळ्याखालीच छापलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी या लेखात शेवटपर्यंत सोडणार नाही: शाळेत जगणं येत नाही ते अभ्यासक्रमात जगण्याचे विषय कमी पडतात म्हणून नव्हे. शाळेत चुकलेल्याची किंमत फक्त गुणांत मोजली जाते, वस्तूत कधीच मोजली जात नाही, म्हणून.

हे म्हणणं नवं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवलं त्यात प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध, हिशेब, आरोग्य यांच्याबरोबर शेतीचं ज्ञान असावं आणि त्यासाठी लहानसं नमुना शेत असावं, अशी मागणी होती. या मागणीतला ‘शेत’ हा शब्द लोक सहज ओलांडून जातात. शेतीचं पुस्तक आणि शेत यांत फरक असा की पुस्तकातलं पीक कधी बुडत नाही. फुल्यांना हा फरक समजत होता, कारण ते बांधकामाची कंत्राटं घेणारे, हिशेब आणि माल दोन्ही पारखणारे गृहस्थ होते. आयोगाने निवेदन नोंदवून घेतलं, आणि पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं शाळा कारकून घडवत राहिली. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. अपवाद एकच, पण मोठा: भाऊराव पाटील. १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि पुढे साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ रुजलं. तिथे मुलाने केलेलं काम गरजेचं होतं, कारण त्यावर त्याचं जेवण आणि फी चालायची. आज कित्येक महाविद्यालयांत याच नावाखाली मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात आणि आवार झाडतात. नाव तेच राहिलं.

१९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली आणि गांधीजींची हातकामातून शिक्षण देणारी नई तालीम पुढे आली. तिच्यातल्या एका कलमावर तेव्हापासून आजवर टीका झाली आहे, ते कलम म्हणजे मुलांच्या उत्पादनातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या पगाराचा, खर्च निघावा. परिषदेतच के. टी. शहांसारख्या अर्थशास्त्र्याने त्याला विरोध केला. झाकिर हुसेन समितीनेही खर्च निघो न निघो, शिक्षणाचं धोरण म्हणून ही योजना स्वीकारावी, असं म्हणून त्या कलमाची धार कमी केली. अर्थशास्त्र म्हणून टीकाकार बरोबर होते. दहा वर्षांच्या मुलाच्या टकळीवर मास्तरांचा पगार निघेल, हा हिशेब जमणारा नव्हता, आणि मुलाकडे मजूर म्हणून पाहिलं जाण्याचा धोका खराच होता. पण त्या कलमाबरोबर एक गोष्ट फेकली गेली, जी शिक्षणशास्त्र म्हणून लाखमोलाची होती: सूत असं हवं की ते कुणी विणायला घेईल. गिऱ्हाईक गेलं आणि हातकामाला शिस्त लावणारं कुणी उरलं नाही. मग सूत कातण्याचे तास झाले, टकळ्या कपाटात गेल्या, आणि गावोगावच्या प्राथमिक शाळांच्या पाट्यांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ एवढी अक्षरं मागे राहिली. ती अजून आहेत, दर काही वर्षांनी रंगवली जातात.

स्वातंत्र्यानंतरची वाटचाल भराभर सांगतो, कारण ती आहेच तशी. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, म्हणजे गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करणारे, त्यामुळे शब्दामागे अनुभव होता. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याचं ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ केलं. नाव लांबलं तसं काम आखूड झालं. कार्यानुभव श्रेणीचा विषय ठरला, म्हणजे ज्याचे गुण बेरजेत धरत नाहीत तो. आणि पालकांनी त्यातून घ्यायचा तो अर्थ घेतला. स्टेशनरीच्या दुकानातून तयार संच आणायचा, आईने रात्री जागून पुठ्ठ्याचं घर चिकटवायचं, सकाळी मुलाने ते नेऊन द्यायचं आणि ‘अ’ श्रेणी घ्यायची. त्या घरात कुणी राहणार नसतं, त्यामुळे त्याचं छप्पर तिरकं असलं तरी चालतं. अकरावी-बारावीच्या द्विलक्ष्यी (व्यवसायाभिमुख) अभ्यासक्रमांचं काय झालं हे तर सर्वांना ठाऊक आहे. दोनशे गुण चांगले पडतात म्हणून मुलांनी ते घेतले आणि तिथून इंजिनिअरिंगला गेले. यात मुलांचा दोष नाही. जी शाळा गुणांशिवाय दुसऱ्या चलनात व्यवहारच करत नाही, तिच्यात मुलं गुणच कमावणार.

या सगळ्या कोरड्या पट्ट्यात एक हिरवं ठिकाण आहे, आणि त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिण्याची मुभा वाचकांनी द्यावी. अमेरिकेत इलिनॉयला अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळसारख्या कमी पावसाच्या गावी जाऊन राहिले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस घरात आणि शेतात जे शिकतो ते काम करता करता शिकतो, मग शाळेत तेवढं उलटं का, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यातून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय उभा राहिला आणि १९८०च्या दशकातच राज्य मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस, आणि चार विभाग: कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने चारही करायचे. मुलींनी वेल्डिंग करायचं, मुलांनी स्वयंपाकातलं पोषण मोजायचं. शिकवायला गावातलेच कारागीर.

पण या योजनेचा प्राण विभागांत नाही, दोन छोट्या नियमांत आहे. पहिला असा की काम गावाला लागणारं हवं आणि गावाने त्याचे पैसे मोजायचे. मुलांनी केलेलं लोखंडी फाटक कुणाच्या तरी गोठ्याला बसणार असतं. ते बिजागरीत अडकलं तर शेतकरी ‘छान प्रयत्न’ असा शेरा देत नाही, परत घेऊन येतो. दुसरा नियम: प्रत्येक कामाचा खर्च काढायचा, म्हणजे पत्रा किती, सळई किती, वेल्डिंगची कांडी किती, वीज किती, मजुरी किती. शेकडेवारी इथे येते, आणि मथळा न लावता येते. गृह-आरोग्य विभागात मुलं एकमेकांचं हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासतात. वर्गातल्या निम्म्या मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, तर विज्ञानाच्या पुस्तकातला लोहाचा धडा एकाएकी आपल्या घरच्या ताटाबद्दल बोलू लागतो. ‘असर’च्या पाहणीत मुलांना क्षार-संजीवनीच्या पाकिटावरच्या सूचना वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायची होती, आणि २०२३ साली सुमारे एक तृतीयांश मुलांना चारांपैकी तीनही उत्तरं देता आली नाहीत. ज्याने ते पाणी एकदा कालवून कुणाला पाजलं आहे, तो ‘एक लिटर’ हे शब्द वाचायला चुकेल असं मला वाटत नाही.

पाबळवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे, आणि तो घेणाऱ्यांना वेडं ठरवण्याची खोड आमच्या बाजूच्या काही लोकांना आहे, ती चुकीची आहे. मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेला वेळ मुलांनी आईवडिलांच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. पेरियार आणि द्रमुकने तिला कुलशिक्षण म्हटलं, राजाजींना १९५४ साली पद सोडावं लागलं आणि कामराजांनी योजना मागे घेतली. विरोधक शंभर टक्के बरोबर होते. चांभाराच्या मुलाला चांभारकामाकडे आणि वकिलाच्या मुलाला पुस्तकाकडे पाठवणारं ‘जीवनशिक्षण’ म्हणजे जुनंच बंधन नव्या अनुदानावर चालवणं. पण म्हणूनच सर्वांनी चारही विभाग करायचे, या पाबळच्या नियमाचं मोल आहे. हातकाम फक्त मागासांच्या, आश्रमशाळांच्या, नापासांच्या वाट्याला येतं तोवर ती शिक्षा राहणार. वकिलाच्या मुलाला गटार साफ व्हायला किती वेळ लागतो हे स्वतःच्या हाताने कळलं की मग जातीबद्दलचा नागरिकशास्त्राचा धडा त्याला वेगळा वाचता येईल. आपल्याकडे दुर्दैव असं की कौशल्य हा शब्द जिथे जिथे आला, तिथे तो ‘ज्यांना अभ्यास झेपत नाही त्यांच्यासाठी’ या कंसासह आला.

दुसऱ्या टोकाला यादीवाले आहेत. त्यांची नावं घेत नाही, दर दिवाळीत कुठल्यातरी पुरवणीत ते भेटतातच. शाळेत आयकर विवरणपत्र शिकवा, म्युच्युअल फंड शिकवा, मुलाखत कशी द्यायची ते शिकवा, ताणाचं नियोजन शिकवा. जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यं सांगितली, १९८६च्या शिक्षण धोरणाने दहा गाभाघटक सांगितले. आणि आज शिक्षक होऊ पाहणारा प्रत्येक उमेदवार या दोन्ही दहा-दहांच्या याद्या क्रमाने म्हणून दाखवतो. ‘समस्या निराकरण’ हे कौशल्य पाठ करून त्यावर दोन गुण मिळतात. यादीत वाईट काही नाही. पण करविवरण हा धडा झाला की तोही पट्टीच्या शून्यावरून मोजायला शिकवतो. पगाराची चिठ्ठी पुस्तकातल्या नमुन्याहून वेगळी आली की मुलगा पुन्हा अडतो. शिवाय यादीतल्या वस्तू शिळ्या होतात. काल चेक कसा लिहायचा हे होतं, आज मोबाइलवर पैसे कसे पाठवायचे हे आहे. फाटक बिजागरीत का अडकलं, हा शोध मात्र शिळा होत नाही.

आता २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी त्या तीन वर्षांत कधीतरी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत आणि त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलं आहे. मी याचं स्वागतच करतो, थोडं चाचरत. हे दहा दिवस कुंभाराच्या चाकापाशी फोटो काढण्याइतकेच पुरतात, मडकं भाजून त्यात पाणी भरण्याइतके पुरत नाहीत. मडक्याला गळती आहे की नाही हे फोटोत दिसत नाही. पाबळचा आठवड्याचा एक दिवस वर्षाला पस्तीस-चाळीस दिवस होतो, आणि तो तीन वर्षं चालतो. फरक एवढ्यात आहे.

शहरातल्या शाळांचं काय, हा शेवटचा आक्षेप, आणि तो मांडणाऱ्यांचा सूर विजयी असतो. तिथे शेत नाही, गोठा नाही, फाटक कुणाला हवं आहे? पण मुंबईतल्या तीन मजली शाळेतही गळके नळ आहेत, विजेचं बिल आहे, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आहे, मोडलेली बाकं आहेत. शाळा स्वतःच एक गिऱ्हाईक आहे, आणि तेही कटकट करणारं, म्हणजे शिकवण्यासाठी उत्तम. आठवीच्या वर्गाने महिन्याचं वीजबिल पंख्या-दिव्यांवर वाटून दाखवणं किंवा टपकणाऱ्या नळाखाली बादली ठेवून दिवसाला किती लिटर जातं ते मोजून वॉशर बदलणं, यासाठी एक एकर जमीन लागत नाही. लागतो तो वेळापत्रकातला एक दिवस, आणि पाना हातात धरू देणारा मुख्याध्यापक. सध्या बाकं दुरुस्त करायचं काम ठेक्याने दिलं जातं. सुतार सकाळी येतो, व्हरांड्यात बाक उलटं टाकतो, टेप एक इंच सोडून धरतो. आत वर्गात मोजमापाचा धडा चालू असतो, आणि आवाज ऐकून खिडकीशी गेलेल्या मुलाला जागेवर बसायला सांगितलं जातं.