ऑस्करच्या पडद्यावरची गोऱ्या-काळ्यांची मैत्री

‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ला १९९० मध्ये आणि ‘ग्रीन बुक’ला २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. दोन्हींत एक गोरी व्यक्ती, एक कृष्णवर्णीय, एक मोटार आणि हळूहळू जुळणारी मैत्री. ‘ग्रीन बुक’मध्ये पियानोवादक डॉन शर्ली जिथे वाजवणार, तिथल्याच भोजनगृहात त्याला जेवू दिले जात नाही. प्रसंग अंगावर येतो. पण कथा त्याच्या गोऱ्या चालकाचीच राहते. पटकथालेखकांत त्या चालकाचा मुलगा होता. शर्लीच्या कुटुंबीयांनी मात्र चित्रणावर जाहीर आक्षेप घेतला. कायद्याने लादलेला वर्णभेद इथे दोन माणसांच्या स्वभावापुरता उरतो. ही मांडणी सुखावणारी, पण अपुरी आहे. ब्रुकलिनमधला वर्णतणाव थेट दाखवणाऱ्या स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ला १९९० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकनसुद्धा मिळाले नव्हते.