टोकावडे नाक्यावर एक शनिवार

पहाटे ५.३०
ओतूर, आळेफाट्याकडच्या भाजीच्या गाड्या रात्रीच माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजार समितीकडे निघतात. त्यातल्या मागे राहिलेल्या काही गाड्या टोकावड्यातून धडधडत जातात, तेव्हा मी एका बंद दुकानाच्या पायरीवर वही उघडून बसलेली असते. माझं काम रस्ते आखण्याचं. पाहणीसाठी ऑगस्टमधला शनिवार मुद्दाम धरला आहे. आज सकाळची शाळा असते, आणि दिवस वर आला की ठाणे-मुंबईकडून घाटातले धबधबे बघायला निघालेल्यांची रीघ लागते.

हा राष्ट्रीय महामार्ग ६१, पूर्वीचा २२२. कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, माळशेज, नगर करत तो थेट तेलंगणातल्या निर्मलला जातो. ट्रकवाल्याच्या लेखी टोकावडे म्हणजे घाटाआधीचं एक नाव. गावाच्या लेखी मात्र हीच बाजारपेठ, हाच एसटीचा थांबा, शाळेला आणि दवाखान्याला जायची वाटही हीच.

सकाळी ६.४५
मुलं येऊ लागतात. सात मीटर डांबर ओलांडायला धडधाकट माणसाला सहा सेकंद लागतात. ताशी साठच्या वेगाने येणारी गाडी तेवढ्यात शंभर मीटर अंतर कापते. म्हणजे मुलाने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा गाडी नीट दिसतही नसते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या हिशोबात साठच्या वेगातली गाडी थांबवायला ८० मीटर लागतात, तिसाच्या वेगात ३०. हे आकडे मला पाठ आहेत. तरीही समोर एक मुलगी धाकट्या भावाचं मनगट घट्ट धरून, छत्री मिटून, दोन्हीकडे बघत उभी असते, तेव्हा छातीत धस्स होतंच. छत्री ती पावसातही मिटते. उघडी ठेवली तर उजवीकडचं दिसत नाही.

सकाळी ९.००
डांबर संपतं तिथेच एक मावशी कंटोली आणि भारंगीचे वाटे मांडून बसल्या आहेत. ट्रक आला की पाटी वीतभर मागे ओढतात, गेला की पुन्हा पुढे. मागे का बसत नाही, विचारलं.

“मागं चिखल हाय ना ताई. आन् मागं बसलं तर गिऱ्हाइकाला दिसंल का?”

बरोबरच आहे. रस्ता ‘मोकळा’ करायचा म्हणून अशा बायकांना उठवणारे आराखडे मी पाहिले आहेत. बाजार उठला की रस्ता रिकामा दिसतो आणि गाड्या आणखी जोरात सुटतात. पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, असं निकष सांगतात. मी ती धरते आणि तिच्याशेजारी पाटी मावेल एवढा उंच, कोरडा पट्टा वेगळा काढते.

सकाळी ११.००
चहाच्या टपरीवर दुकानदार जमतात. सगळ्यांचं एकच म्हणणं: “मॅडम, दोन्ही टोकांना गतिरोधक टाका, बाकी काही नको.”

मागणी रास्त आहे. पण राष्ट्रीय महामार्गांवर गतिरोधक नकोत, असे केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचे २०१६पासूनचे आदेश आहेत. मग वेग उतरवायचा तर रस्त्याचं रूपच बदलावं लागतं. गाव सुरू होतं तिथे दोन्ही बाजूंना झाडं, दिव्यांची रांग, मधोमध थांबायला छोटं बेट, गाडीची पट्टी साडेतीनऐवजी तीन मीटर. रस्ता अरुंद वाटला की पाय आपोआप ब्रेककडे जातो. पाटी वाचून तो जात नाही, हे मी ठामपणे म्हणते.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ, बाकं, झाडं आली आणि माणसं रेंगाळू लागली. पण तो शहरातला रस्ता, त्याची मालक महापालिका. इथे रस्ता एका खात्याचा, कडेची जागा दुसऱ्याची, गटार तिसऱ्याचं. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने १९८अ हे कलम आलं. आखणी किंवा देखभालीत कसूर होऊन जीव गेला, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सांगितल्यावर टपरीवर क्षणभर कुणी बोलत नाही. त्यांनाही आजवर प्रत्येक वेळी ‘चालवणाऱ्याची चूक’ एवढंच सांगितलं गेलेलं असतं.

दुपारी १.३०
घाटाकडे दुचाक्यांची रांग. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा, आणि ३२ हजारांवर पादचारी. दुचाकीवरून निघालेल्या या मुलांना गाव शिकवायला जाऊ नये. त्यांना गाव दिसायला हवं.

दुपारी ३.००
सर ओसरली. आजचा खरा ऐवज आत्ता हाती येतो. गावातली गल्ली महामार्गाला मिळते, त्या तोंडाशी चाकांनी चिखल कापून दोन वळणदार पट्टे चकचकीत केलेत. मधला आणि कोपऱ्यांचा चिखल अख्खा, वर शेवाळ धरलेलं. तिथे चाक फिरकतच नाही. एवढी जागा चालणाऱ्यांना देऊन टाकली तरी कुणाचंही वळण अडत नाही, उलट गाडीला जपून वळावं लागतं आणि ओलांडायचं अंतर निम्म्यावर येतं. मी कडेने चुन्याची रेघ ओढते. वांद्र्याच्या एच. पी. जंक्शनवर रंग, शंकू लावून असंच आधी तात्पुरतं करून बघितलं होतं. इथे पावसानेच आखून दिलं आहे.

संध्याकाळी ५.३०
घाटातून परतीच्या गाड्या. मुरबाडच्या जीप नेमक्या ओलांडायच्या जागेच्या अलीकडे उभ्या असतात, म्हणून जीपआडून निघालेलं माणूस येणाऱ्या गाडीला दिसत नाही. स्टँड पुढे सरकवू या, म्हटल्यावर एक चालक सरळ सांगतो, “पुढं नेलंत तर एसटीतून उतरलेलं माणूस आमच्यापर्यंत येणार नाही. पोट त्याच्यावरच आहे.”

मग एसटीचा थांबाही सरकवायला हवा. दोन्ही ओलांडायच्या जागेच्या पुढे, एकाच उंच पदपथाला लागून. उतरलेला प्रवासी पाय न भिजवता जीपपर्यंत जाईल. चालक कागदावर बोट ठेवून विचारतो, “आणि आमच्या गाड्या वळणार कुठं?” ते मी काढलेलंच नव्हतं. टेपचं एक टोक त्याच्या हातात देते आणि आम्ही दोघं जीपचं वळण मोजायला जातो.