जेवणाचे चमचे : धातू, घडण व पारख

लोणच्याच्या बरणीत चमचा तसाच ठेवून झाकण लावू नये, ही शिकवण बहुतेक घरांत वडीलधाऱ्या स्त्रियांकडून मिळालेली असते. बरणी चिनी मातीची आणि तिच्यासाठी चमचा लाकडी, ही जोडी अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. पुढे स्टीलचे चमचे स्वस्त झाले, ते गंजत नाहीत अशी ख्याती पसरली, आणि लाकडी चमच्याची जागा त्यांनी घेतली. पावसाळा संपता संपता असा एखादा चमचा बरणीतून काढून धुतला, तर त्याच्या खोलगट भागावर टाचणीच्या टोकाएवढी काळी छिद्रे आढळतात. कितीही घासले तरी ती जात नाहीत. तेवढ्याच चकाकीचा म्हणून घेतलेला दुसरा एखादा चमचा मात्र तशाच बरणीत राहूनही जवळजवळ निर्दोष निघतो. दोहोंतील भेद खरेदीच्या वेळी डोळ्यांना दिसत नाही. रोजच्या वापरासाठी चमचे घेणाऱ्याची खरी अडचण हीच होय.

स्टील घरोघर येण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात तांबे, पितळ व लोखंड यांचे राज्य होते. पळी, डाव, झारा, उलथणे ही शिजविण्याची व वाढण्याची साधने. जेवणारा हातानेच जेवीत असल्यामुळे ताटातील चमचा ही वस्तू तुलनेने अलीकडची. आंबट पदार्थाची तांब्या-पितळेशी गाठ पडली की त्यात तांब्याचे क्षार उतरतात आणि ताक किंवा आमटी यांची चव व वास बिघडतो. मराठीत यासाठी ‘कळकणे’ असे स्वतंत्र क्रियापदच आहे. कल्हई हा त्यावरील उपाय. भांडे तापवावयाचे, नवसागराने त्याचा पृष्ठभाग स्वच्छ करावयाचा आणि त्यावर कथिल फिरवावयाचे. कथिल २३२ अंश सेल्सिअस तापमानाला वितळत असल्यामुळे हे काम भात्याच्या साध्या भट्टीवर होते. परंतु कल्हई हा बाहेरून चढविलेला थर आहे. तो झिजला की पुन्हा कल्हईवाल्याची वाट पाहावी लागते. चांदीचा मुलामा दिलेल्या चमच्यांचीही गत तीच. ‘जर्मन सिल्व्हर’ या भारदस्त नावाचा मिश्रधातू तांबे, निकेल व जस्त यांचा असतो. त्यात चांदीचा कणही नसतो. त्याच्यावर विजेच्या साहाय्याने चांदी चढवितात आणि चमचा जेथे टेबलाला टेकतो तेथे ती प्रथम उडते.

अगंज पोलादाचे, म्हणजे व्यवहारात ज्याला नुसते ‘स्टील’ म्हणतात त्याचे, वेगळेपण येथेच आहे. त्याचे कवच बाहेरून दिलेले नसते. धातू ते स्वतःच घडवितो. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असले की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या केवळ काही दशलक्षांश भागांइतकी असते. चमच्यावर ओरखडा पडला तर पापुद्रा तेथे फाटतो. पण उघड्या पडलेल्या क्रोमियमला हवा लागताच तो पुन्हा सांधला जातो. कल्हईवाल्याचे काम येथे हवाच करते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करणारे पोलाद शोधीत होते. सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेल्या एका नमुन्यावर प्रयोगशाळेतील आम्लाचा परिणाम होईना, हे त्यांच्या ध्यानात आले. शेफील्ड हे सुऱ्या व चमचे करणाऱ्यांचे गाव असल्यामुळे या पोलादाची वाट लवकरच जेवणाच्या टेबलाकडे वळली. त्याच सुमारास जर्मनीत एसेन येथील क्रुप कारखान्यात क्रोमियमबरोबर निकेलही मिसळलेले पोलाद सिद्ध झाले होते. १९२४ मध्ये शेफील्डच्याच डब्ल्यू. एच. हॅटफील्ड यांनी १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असे प्रमाण बसविले. आज उत्तम चमच्यांच्या पाठीवर ‘१८/८’ असे आकडे दिसतात ते याच प्रमाणाचे. ‘१८/१०’ हा त्याचाच जवळचा भाऊ. दोहोंतील अंतर रोजच्या वापरात जाणवण्यासारखे नाही.

मग बरणीतील चमच्याला छिद्रे का पडली? दोष मिठाचा आहे. मिठातील क्लोराइडचे आयन त्या पापुद्र्यातील दुर्बळ जागा हेरतात आणि तेथे त्याला सूक्ष्म छिद्र पाडतात. एरवी ते लगेच बुजले असते. परंतु खारात बुडालेल्या, तेलाने व मसाल्याने लिंपलेल्या चमच्यापर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचत नाही. छिद्राच्या तळाशी धातू विरघळू लागतो, तेथील द्रव अधिकाधिक आम्लधर्मी होत जातो आणि आणखी क्लोराइड आत ओढले जाते. म्हणजे एकदा पडलेले छिद्र आपली वाढ आपणच करून घेते. बाहेरील सारा पृष्ठभाग लखलखीत असताना एकाच ठिंबक्यात चमचा खोल पोखरला जातो तो असा. लोणच्याचा आंबटपणा या कामी साह्य करतो, पण मुख्य कर्ता मीठच. रात्रभर खरकट्या आमटीत पडून राहिलेला चमचा आणि धुण्यासाठी वापरलेले ब्लीचिंगचे पाणी यांतही हीच क्रिया चालते.

हा हल्ला किती काळ परतविता येईल हे पोलादातील क्रोमियम व निकेल यांवर पुष्कळसे अवलंबून असते, आणि येथेच आपल्या देशातील बाजाराचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. क्रोमियमचे खनिज ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात विपुल आहे. निकेलसाठी मात्र भारताला परदेशांकडे पाहावे लागते आणि ते महाग पडते. निकेलचे बरेचसे काम मँगॅनीजकडून करून घेता येते, ही गोष्ट धातुशास्त्रज्ञांना पूर्वीच उमगली होती. निकेलच्या टंचाईमुळे अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात अशा पोलादांचा प्रसार झाला; ‘२०१’ व ‘२०२’ या क्रमांकांनी ती ओळखली जातात. भारतात त्यांचे आणखी स्वस्त प्रकार निघाले. त्यांत निकेल एखाद्या टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम पंधरा-सोळा टक्के असते. या पोलादाला झिलई उत्तम चढते व ते कणखरही असते. त्याला सरसकट बनावट म्हणणे अन्यायाचे होईल. चहा ढवळावयाचा, पोहे खावयाचे, लगेच धुऊन पुसून ठेवावयाचे, एवढ्या कामाला ते वर्षानुवर्षे पुरते. मिठाच्या ओल्या सहवासात मात्र १८/८ च्या तुलनेने ते लवकर हार खाते. अन्याय होतो तो एकाच्या किमतीला दुसरे विकले जाते तेव्हा.

हा भेद ओळखण्यासाठी पुष्कळ ग्राहक खिशात लोहचुंबक घेऊन दुकानात जातात. चुंबक चिकटला तर माल हलका, न चिकटला तर अस्सल, असा समज रूढ आहे. तो फसवा आहे. १८/८ ला चुंबक चिकटत नाही हे खरे. पण मँगॅनीजयुक्त स्वस्त पोलादालाही तो चिकटत नाही, आणि ज्या दोहोंत निवड करावयाची त्यांतच ही परीक्षा मुकी राहते. उलट ‘१८/०’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननिकेलच्या पोलादाला चुंबक घट्ट चिकटतो, तरीही ते रोजच्या वापरास पुष्कळच चांगले असते. खिशातील रुपया हे याचे सोपे प्रत्यंतर होय. १९९२ पासून निघालेले एक रुपयाचे स्टीलचे नाणे ८३ टक्के लोखंड व १७ टक्के क्रोमियम यांचे असते. चुंबक ते उचलतो, पण घामट हातांतून फिरूनही ते सहसा गंजत नाही. शिवाय अस्सल १८/८ चा चमचाही दाबाखाली वाकविल्याने मानेपाशी व कडेला किंचित चुंबकीय झालेला आढळतो. तेवढ्यावरून त्याला टाकून देऊ नये.

खात्रीची परीक्षा रासायनिक पृथक्करणाची किंवा क्ष-किरणांच्या यंत्राची. ती गृहिणीच्या हाती नाही. तिच्या हाती आहे ते एवढेच, की पाठीवर धातूचे प्रमाण व कर्त्याचे नाव ठसठशीत उमटविलेला माल घ्यावा आणि पावतीवर ते प्रमाण लिहून मागावे. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो दुकानदार ते लिहून देण्यास कचरत नाही. खानावळ किंवा वसतिगृह यांसाठी शेकड्यांनी चमचे घ्यावयाचे असतील, तर एखादा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा खर्च सहज भरून निघेल. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ८४४२ क्रमांकाच्या मानकात अशा वस्तूंच्या गंजरोधाच्या व बळकटीच्या कसोट्या दिलेल्या आहेत.

धातू चांगला असूनही घडण वाईट असेल तर चमचा टिकत नाही. उलट घडणीची परीक्षा करावयास हात व डोळे पुरे होतात. हलका चमचा एका जाडीच्या पत्र्यातून कापून, ठशाखाली दाबून करतात. चांगल्या चमच्याचा तुकडा आधी जाड पट्टीतून कापतात. मग रुळांखाली त्याचे पुढील टोक रुंद व पातळ करतात, आणि दांडा व खोलगट भाग जेथे मिळतात ती मान जाड राखतात. घट्ट श्रीखंडात किंवा गोठलेल्या आइसक्रीममध्ये चमचा रोवला असता सर्व भार याच मानेवर येतो. वसतिगृहांतील वाकडेतिकडे चमचे पाहिले तर बहुतेक सारे तेथेच वाकलेले दिसतील. दोन्ही अंगठे मानेवर ठेवून बेताने दाबून पाहावे. मान लवली तर चमचा परत ठेवावा. मानेपाशी अडीच मिलिमीटर जाडी असली तर निर्धास्त असावे. पातळ दांड्याला मधोमध उठावाची रेघ देऊन ताठपणा आणतात. ही युक्ती लबाडीची नव्हे, पण ती जाडीची जागा पुरती भरून काढीत नाही.

त्यानंतर कडा पाहाव्यात. चमच्याच्या कडेवरून कापसाचा पेळू फिरवावा. तंतू अडकले तर कड नीट घासलेली नाही आणि ती ओठाला लागेल. काट्याच्या दातांमधील फटी ही कारखान्याच्या प्रामाणिकपणाची खरी जागा होय. तेथपर्यंत झिलईचे चाक नेण्यास वेळ लागतो, म्हणून हलक्या मालात त्या खरबरीत राहतात. अन्नाचे कण व ओल तेथे साठते आणि डागही तेथूनच सुरू होतात. खोलगट भागात खिडकीचे प्रतिबिंब पाहावे. ते लाटांसारखे तुटक दिसले तर झिलई उरकलेली आहे.

सुरीचा न्याय निराळा. धार टिकण्यासाठी पोलाद तापवून व विझवून कठीण करावे लागते, आणि १८/८ तसे कठीण होत नाही. म्हणून सुरीचे पाते सुमारे १३ टक्के क्रोमियमच्या, ब्रिअर्लींच्या जातीच्या पोलादाचे असते. त्याला चुंबक चिकटतो, आणि ओले ठेवल्यास चमच्यापूर्वी त्यावर तांबूस डाग पडतात. एकाच संचातील चमचे स्वच्छ व सुरी डागाळलेली दिसली म्हणून दुकानदाराशी भांडण्याचे कारण नाही. सुरी धुतल्याबरोबर पुसावी.

लोखंडी तारेच्या घासणीने चमचे घासू नयेत. तिचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात व गंजतात, आणि चमचाच गंजला असे वाटते. काथ्या किंवा मऊ कापड पुरेसे आहे. विहिरीच्या जड पाण्याने पडलेले पांढरे डाग चुन्याच्या क्षाराचे असतात. लिंबाच्या फोडीने ते जातात, मात्र नंतर चमचा स्वच्छ पाण्याने धुऊन पुसला पाहिजे.

बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाने चोवीस पातळ चमच्यांचा नक्षीदार संच घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत सहा जाड चमचे घेणे इष्ट. खोल नक्षीत मळ बसतो. साध्या दांड्यावर ओरखडे दिसतात खरे, पण काही महिन्यांच्या वापराने ते एकमेकांत मिसळून जातात. संच पेटीतच मिळतो की सुटा चमचाही मिळतो, हे विचारून घ्यावे. चांगले चमचे झिजून संपत नाहीत, ते बहुधा भाजीच्या देठांबरोबर कचऱ्याच्या टोपलीत जातात, आणि सुटा मिळणारा साधा नमुना असला की सहाचे पाच झाल्यावर सहावा पुन्हा आणता येतो.