खाल्ल्या मिठाचा हिशेब

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक यादी येते. मंडप, ध्वनिक्षेपक, बक्षिसे, मुलांचा खाऊ. यादीच्या शेवटी एक आकडा असतो आणि त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह. मग गावातला एखादा दुकानदार, पतपेढी किंवा जुना विद्यार्थी मदतीला येतो. कमानीवर त्याचे नाव लागते, भाषणात आभार मानले जातात आणि संमेलन पार पडते. यात वावगे काही नाही. आपल्याकडच्या कितीतरी शाळा अशाच उभ्या राहिल्या आहेत.

पण समजा, मदत देऊ करणारा सिगारेटचा किंवा गुटख्याचा कारखानदार असेल तर? तो म्हणतो, "माझ्या मालाची जाहिरात करू नका. मुलांसाठी काहीतरी करावे, एवढीच इच्छा." शिक्षकांच्या खोलीत यावर नक्की दोन तट पडतील. एक जण म्हणेल, "नको तो पैसा." दुसरा म्हणेल, "पैसा कसाही मिळवलेला असो, लागतो तर आहे चांगल्या कामाला!" दुसऱ्याचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. म्हणूनच असा पैसा नेमके काय काम करतो, हे समजून घ्यायला हवे. सुदैवाने याबाबतीत पुरावा भरपूर आहे.

गरज कोणाची?

देणगी म्हटली की गरज घेणाऱ्याची, असे आपण धरून चालतो. इथे मात्र देणाऱ्याची गरजही तेवढीच मोठी असते.

जुने गिऱ्हाईक ही कोणत्याही धंद्याची पुंजी. तंबाखूच्या धंद्यात हे जुने गिऱ्हाईकच अकाली मरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार तंबाखूमुळे जगात दर वर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरण पावतात. जे तंबाखू सोडत नाहीत, त्यांच्यापैकी निम्म्यापर्यंत लोकांचा बळी अखेर तंबाखूच घेते. ही रिकामी जागा भरायची तर नवी माणसे हवीत, आणि बहुतेकांना ही सवय लागते ती कोवळ्या वयातच.

म्हणजे या उद्योगाला तीन गोष्टी लागतात. तरुणांशी ओळख, समाजाची मर्जी आणि कायदे करणाऱ्यांची दिरंगाई. साध्या जाहिरातीतून यातली फार तर पहिली गोष्ट मिळते. देणगीतून आणि प्रायोजकत्वातून तिन्ही मिळू शकतात.

जाहिरात गेली, नाव राहिले

२ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. त्याच सुमाराला तिथे स्त्रियांच्या टेनिसमध्ये एक झगडा चालू होता. पुरुष खेळाडूंच्या मानाने स्त्रियांना बक्षिसाची रक्कम फारच कमी मिळे. १९७० साली बिली जीन किंग आणि तिच्या आठ सहकाऱ्यांनी प्रस्थापित संघटनेला आव्हान देऊन, नाममात्र एका डॉलरच्या करारावर सही करून, आपली वेगळी वाट धरली. त्यांच्या पाठीशी पैसा उभा केला फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने. या कंपनीने १९६८ मध्ये खास स्त्रियांसाठी 'व्हर्जिनिया स्लिम्स' नावाची सिगारेट बाजारात आणली होती. तेच नाव स्पर्धांना मिळाले. जाहिरात बंद झाली, पण स्पर्धेचे नाव उच्चारायला बंदी कुठे होती? ते नाव पुढे अनेक वर्षे मैदानावरच्या फलकांवर आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत झळकत राहिले.

या खेळाडूंना दोष देणे सोपे आहे. त्यांची मागणी न्याय्य होती आणि पैसा घेऊन पुढे आलेले दुसरे कोणी फारसे नव्हते. लक्षात घ्यायची गोष्ट हीच आहे. तंबाखूचा पैसा बहुधा खऱ्या गरजेच्या ठिकाणीच पोचतो, कारण कृतज्ञता तिथेच सर्वांत खोल रुजते.

आपल्याकडे हे काम क्रिकेटने केले. १९९६ चा विश्वचषक भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी मिळून भरवला. त्या स्पर्धेचे नावच मुळी 'विल्स विश्वचषक' होते. त्या दशकात भारतीय खेळाडूंच्या अंगावरील सदऱ्यावरही 'विल्स' हे सिगारेटचे नाव असे. ज्या मुलांच्या वह्यांवर सचिन तेंडुलकरचे चित्र असे, त्या मुलांच्या डोळ्यांसमोर ते नाव दिवसभर राही.

याचा मुलांवर काही परिणाम होतो का? गोव्यातील काही डॉक्टरांनी शाळकरी मुलांना प्रश्न विचारून हे तपासले. त्यांचा अभ्यास १९९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट कंपनीने प्रायोजित केलेले सामने पाहून मुलांच्या मनात सिगारेट आणि चांगला खेळ यांची सांगड बसते आणि तंबाखू चाखून पाहण्याकडे त्यांचा कल वाढतो, असे त्यांना आढळले. एकाही खेळाडूने मैदानावर सिगारेट ओढली नव्हती. जोडणी मुलांच्या मनाने आपली आपणच केली होती.

विल्स सिगारेट बनवणाऱ्या आयटीसी या कंपनीने २००१ मध्ये खेळांच्या प्रायोजकत्वातून अंग काढून घेतले. पाठोपाठ २००३ चा कायदा आला आणि १ मे २००४ पासून तंबाखूच्या जाहिरातींवर व प्रायोजकत्वावर बंदी लागू झाली.

मिंधेपणाचा प्रयोग

नाव दिसल्याने होणारा परिणाम तुलनेने उघड असतो. खरे बारीक काम चालते ते मिंधेपणाचे. मानसशास्त्रज्ञ डेनिस रीगन यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक साधा प्रयोग पाहा. दोन माणसे एका खोलीत काम करत बसली आहेत. त्यांतला एक प्रयोगकर्त्याचा साथीदार आहे, हे दुसऱ्याला माहीत नाही. साथीदार मध्येच बाहेर जातो आणि येताना दोघांसाठी शीतपेयाची बाटली आणतो. दुसऱ्याने ती मागितलेली नसते. काही वेळाने साथीदार म्हणतो, "मी सोडतीची तिकिटे विकतोय, घेतोस का?" ज्यांना बाटली मिळाली होती, त्यांनी न मिळालेल्यांच्या जवळजवळ दुप्पट तिकिटे घेतली. तिकिटांवर गेलेला पैसा बाटलीच्या किमतीपेक्षा जास्त होता. ज्यांना तो माणूस फारसा आवडला नव्हता, त्यांनीही तिकिटे घेतली!

हा दुर्गुण नव्हे. घेतलेल्याची परतफेड करावी, या भावनेवर तर सगळा समाज चालतो. 'खाल्ल्या मिठाला जागावे' असे आपल्याकडे म्हणतात. देणगीदार याच सद्गुणाचा उपयोग करून घेतो.

१९९४ साली न्यूयॉर्कमध्ये याची वसुली उघडपणे दिसली. उपाहारगृहे आणि इतर सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी करण्याचा विचार नगर परिषद करत होती. फिलिप मॉरिसचे मुख्य कार्यालय याच शहरात होते आणि शहरातील नृत्य, नाटक, संग्रहालये अशा अनेक कलासंस्थांना ही कंपनी वर्षानुवर्षे अनुदान देत आली होती. आता कंपनीच्या लोकांनी या संस्थांना फोन केले. नगरसेवकांना सांगा, कंपनीने शहर सोडले तर कलांचे किती नुकसान होईल. काही संस्थांनी तसे सांगितलेही. ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापली. कायदा अखेर काही सवलतींसह मंजूर झाला आणि १९९५ मध्ये लागू झाला. पण एरवी धूम्रपानाशी काडीचाही संबंध नसलेली माणसे त्या वादात कंपनीच्या बाजूने का बोलली, याचे उत्तर जुन्या पावत्यांत होते.

बोलणाऱ्यांपेक्षा गप्प बसणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असते. ते मौन कुठेच नोंदले जात नाही, म्हणून मोजताही येत नाही.

प्रयोगशाळेतला पैसा

आपण विज्ञान शिकवतो. म्हणून हा भाग आपल्या अधिक जिव्हाळ्याचा. डिसेंबर १९५३ मध्ये एर्न्स्ट वाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. सिगारेटच्या धुरातील डांबर उंदरांच्या पाठीला लावल्यावर त्यांतील ४४ टक्के उंदरांना कर्करोग झाला होता. त्याच महिन्यात अमेरिकेतील मोठ्या सिगारेट कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात जमले. ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक वर्तमानपत्रांत त्यांचे निवेदन झळकले. लोकांचे आरोग्य ही आमची जबाबदारी आहे आणि संशोधनाला आम्ही पैसा देऊ, असा त्याचा आशय होता. त्यासाठी त्यांनी एक संशोधन समितीही नेमली.

या समितीने पुढे अनेक नामवंत शास्त्रज्ञांना अनुदाने दिली. त्या शास्त्रज्ञांनी खोटे निष्कर्ष लिहिले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांतले बरेचसे काम चोख होते. फक्त ते 'सिगारेटने काय होते?' या प्रश्नाला सोडून इतर प्रश्नांभोवती फिरत असे. आनुवंशिकता, विषाणू, मनावरील ताण अशी कर्करोगाची इतर कारणे शोधली जात. दर वर्षी नवे संशोधन निघे आणि कंपन्या म्हणत, "पाहा, प्रश्न अजून सुटलेला नाही." एका कंपनीच्या १९६९ सालच्या अंतर्गत टिपणात तर शंका हाच आपला माल आहे, असे स्वच्छ लिहून ठेवलेले सापडले. अमेरिकेच्या संघीय न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ साली दिलेल्या निकालात, या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, असे नमूद केले.

प्रश्न कोणते विचारायचे हे ज्याच्या हातात असते, त्याला उत्तरे बदलावी लागत नाहीत. मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवताना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

२००० साली ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाने ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या कंपनीकडून ३८ लाख पौंड घेतले. ते कशासाठी, तर उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीचा अभ्यास करणाऱ्या केंद्रासाठी! 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चे संपादक रिचर्ड स्मिथ हे तिथे मानद प्राध्यापक होते. त्यांनी २००१ मध्ये त्या पदाचा राजीनामा दिला. घेणाऱ्यांपैकी सगळेच गप्प बसत नाहीत, याचे हे एक उदाहरण.

शाळेच्या दारात

"मुलांनी धूम्रपान करू नये" असे कंपनी स्वतःच सांगू लागली तर? १९९८ मध्ये फिलिप मॉरिसने अमेरिकेत दूरचित्रवाणीवर तशी मोहीम सुरू केली. 'विचार करा, धूम्रपान करू नका' असे तिचे घोषवाक्य होते. याच काळात एका स्वतंत्र संस्थेची 'ट्रूथ' नावाची मोहीमही चालू होती. ती तंबाखूचे परिणाम आणि कंपन्यांचे डावपेच उघड सांगे. २००२ साली संशोधकांनी दोन्हींची तुलना केली. 'ट्रूथ' पाहणाऱ्या मुलांचा तंबाखूविरोध वाढला होता. कंपनीची मोहीम पाहणाऱ्यांच्या मनात तंबाखू कंपन्यांविषयीचे मत मात्र अधिक अनुकूल झालेले दिसले.

कारण समजायला अवघड नाही. कंपनीच्या संदेशात रोगाची आणि व्यसनाची चर्चा नसते. धूम्रपान ही मोठ्यांची बाब आहे, असा त्याचा सूर असतो. चौदा वर्षांच्या मुलाला लवकरात लवकर काय व्हायचे असते? मोठेच ना!

पैशाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. १९९९ साली फिलिप मॉरिसने साडेसात कोटी डॉलर दानधर्मावर खर्च केले आणि त्या दानधर्माची माहिती लोकांना देणाऱ्या जाहिरातमोहिमेसाठी १० कोटी डॉलर!

आज काय?

तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००५ पासून अमलात आहे आणि भारत त्यात सामील आहे. आरोग्याची धोरणे तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून जपली पाहिजेत, असे त्याचे कलम ५.३ सांगते. तरीही वाटा उरतातच. २०१७ साली फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने 'धूरमुक्त जगा'साठी स्थापन झालेल्या एका प्रतिष्ठानाला वर्षाला सुमारे ८ कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्याशी भागीदारी करण्यास नकार दिला. आपल्याकडे २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. तंबाखूच्या कंपन्याही त्यात आल्या. त्यामुळे देणगीचा प्रस्ताव घेऊन कोणी शाळेच्या पायरीशी येणे मुळीच अशक्य नाही.

आणि आपल्या दारातली परिस्थिती अशी आहे, की २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात सेवन करतात. मिश्री, मळलेली तंबाखू, गुटखा हे प्रकार तर वर्गातील मुलांच्या घरातच असतात.

वर्गात करून पाहा

१. वर्तमानपत्रांतील खेळांच्या आणि समारंभांच्या बातम्या मुलांना आठवडाभर पाहायला सांगा. प्रायोजकांची यादी करा. प्रत्येक नावापुढे ती कंपनी मुख्यतः काय विकते, ते लिहा. वेलची किंवा सुपारीच्या जाहिरातीतले नाव आणखी कुठल्या पाकिटावर दिसते का, तेही शोधा.

२. शंभर रुपयांच्या नफ्यातले दोन रुपये दानात गेले. छायाचित्रे दोन रुपयांची निघाली. उरलेल्या अठ्ठ्याण्णव रुपयांचे चित्र मुलांना काढायला सांगा.

३. रीगन यांचा प्रयोग सांगा आणि विचारा, 'तुम्ही तिकीट घेतले असते का?' प्रामाणिक उत्तरे येतील.

शिक्षकांच्या खोलीतील वादासाठी एक कसोटी सुचवावीशी वाटते. देणगी स्वीकारण्यापूर्वी स्वतःला विचारावे, 'हे पैसे घेतल्यावर उद्या वर्गात कोणता विषय काढताना माझी जीभ अडखळेल?' पतपेढीचे पैसे घेतल्याने बहुधा कोणताच विषय अडत नाही. तंबाखूचे पैसे घेतले, तर श्वसनसंस्थेचा धडा दर वर्षी येतोच. फळ्यावर फुप्फुसाची आकृती काढली जाते आणि मागच्या बाकावरचा एखादा मुलगा, ज्याचे वडील खोकत असतात, हात वर करून प्रश्न विचारतो. त्याला पुरे उत्तर देता आले पाहिजे. त्यासाठी मंडप थोडा लहान घालावा लागला, तरी चालेल.